जावेचा आवाज

टाळ्या थांबायचं नाव घेईनात. सभागृहातले पंखे घरघरत होते, मागच्या रांगेत कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं, तरी टाळ्या वाजतच राहिल्या. मंचावर धाकटी उभी होती, हातात माईक, मान जराशी खाली. आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, मांडीवर कोमट पाण्याचा थर्मास घेऊन, तिची मोठी जाऊ बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. न वाजवून सांगते कुणाला? पण तळहात एकमेकांना जेमतेम टेकत होते.

ज्या वाक्यावर टाळ्या पडल्या, ते वाक्य मोठीचं होतं. ‘मेलेल्यांसाठी त्यांनी निदान फुलं पाठवली, आम्ही जगलो, हाच आमचा गुन्हा ठरला.’ आदल्या दिवशी भांडी घासताना तिला ते सुचलं होतं. हात तसेच साबणाचे ठेवून ती धाकटीच्या खोलीत गेली होती आणि कानाशी लागून तिला सांगितलं होतं. धाकटीने ते दोनदा म्हणून पाहिलं, मध्ये कुठे थांबायचं ते ठरवलं आणि आज असं टाकलं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने डोळे पुसले.

“काय बोलते हो तुमची जाऊ!” शेजारची बाई मोठीकडे वळून म्हणाली. “अंगावर काटा आला.”

मोठी हसली. तेवढं तिला आवाजाशिवाय जमायचं.

असं नव्हतं की तिला आवाज कधी नव्हताच. मासळीच्या कारखान्यात तिला सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. कोळंबी सोलायच्या हॉलमध्ये लांबच लांब स्टीलची टेबलं, पायाखाली सतत पाणी, डोक्यावर गार हवा फेकणारी यंत्रं, आणि त्या सगळ्या कालव्यात या टोकाच्या बाईला त्या टोकाच्या बाईशी बोलायचं असलं की निरोप भोंग्याकडे यायचा. ती हातातला चाकू न थांबवता मान वर करायची आणि एकच हाळी द्यायची. सुपरवायझर म्हणायचा, “बाई, तुम्ही आहात म्हणून कंपनीचा लाउडस्पीकरचा खर्च वाचला.” घरीही तेच. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी विहिरीपाशी वाकलेला असला तरी जेवायची हाक त्याला घरातून ऐकू जायची.

हॉलच्या मागे गोठवणीची खोली होती. तिच्यातून अमोनियाचे पाइप जायचे आणि त्यातल्या एका जोडाला बरेच महिने वास येत होता. बायकांनी सांगितलं, की “ओला रुमाल बांधा” असं उत्तर मिळायचं. एके दिवशी सकाळी, टेबलं नुकती भरली होती, तेव्हा तो जोड फुटला. मागच्या बाजूने पांढरा धूर जमिनीलगत सरपटत आला, आणि पुढच्याच क्षणी डोळे उघडे ठेवणं कुणालाच शक्य राहिलं नाही. मागचं दार क्रेट रचून बुजवलेलं होतं. पुढचं दार एकच, कपडे बदलायच्या खोलीतून जाणारं, अरुंद. मोठीचं टेबल त्या दाराजवळच होतं. ती पहिल्या झटक्यात बाहेर पडली असती. पण ती चौकटीत उभी राहिली आणि ओरडू लागली, “आवाजाकडे या! माझ्या आवाजाकडे या!” डोळे गच्च मिटलेल्या बायका टेबलं चाचपत, एकमेकींचे अ‍ॅप्रन धरून, त्या आवाजाच्या रोखाने चालत आल्या. बऱ्याच आल्या. सगळ्या आल्या नाहीत. आणि प्रत्येक हाळीसाठी मोठीला एक श्वास घ्यावा लागत होता.

ज्यांनी तोंड मिटून धरलं त्यांचे घसे वाचले. मोठी दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिच्या गळ्यातून निघत होती ती एक खरखर. समोरच्याने कान पुढे केला तरच शब्द लागायचे. डॉक्टरांनी मान हलवली. “स्वरतंतू भाजलेत. जे उरलंय ते जपा.”

कंपनीने जाहीर केलं, की मृतांच्या घरच्यांची काळजी घेतली जाईल, आणि बाकीच्यांचा त्रास किरकोळ आहे, बरा होईल. ज्या बायका कंत्राटदाराकडून आल्या होत्या त्या तर कंपनीच्या कामगारच नव्हेत. हे ऐकून मोठीचं डोकं फिरलं. तिने बायकांना घरी बोलावलं, समिती केली, मागण्या ठरवल्या: आयुष्यभर उपचार, कंत्राटी बायकांनाही तोच हक्क, आणि ज्यांनी तो जोड तसाच ठेवला त्यांच्यावर खटला. घसा गेला होता, डोकं शाबूत होतं. पहिल्यांदा अधिकाऱ्यांना भेटायला निघाली तेव्हा जिना चढताना दम लागतो म्हणून तिने धाकटीला सोबत घेतलं. एवढंच. आधाराला.

आता धाकटी म्हणजे कोण? दिराची बायको. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला. लग्न होऊन या घरात आली तेव्हा इतकी अबोल, की ताटात मीठ कमी असलं तरी मागायची नाही. दीर व्हॅन घेऊन गावोगाव फिरायचा, त्यामुळे ही सदा मोठीच्या मागे मागे. “काय गं, तोंडात गोळी धरली आहेस का?” मोठी तिला चिडवायची. पुढे काय होणार आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मोठी पोट धरून हसली असती.

त्या पहिल्या भेटीत अधिकाऱ्याने फायलीतून मान वर केली. “जोरात बोला बाई, ऐकू येत नाही.”

मोठीने पुन्हा जोर लावला आणि तिला खोकल्याची उबळ आली. अधिकारी घड्याळाकडे बघू लागला. तेव्हा तिच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, “त्या म्हणतायत, त्रास किरकोळ आहे हे तुम्ही कुणाला तपासून ठरवलंत?” स्पष्ट, गोल आवाज, प्रत्येक शब्द वेगळा. मोठीने वळून पाहिलं. धाकटीच होती. स्वतःच्याच धाडसाने कानापर्यंत लाल झालेली.

त्या दिवशी घरी येताना मोठीने तिचा हात दाबला होता. मनापासून. हे नंतर तिला आठवायचं, आणि त्याचाही राग यायचा.

कारण पुढे पुढे ‘त्या म्हणतायत’ गळून पडलं. त्या जागी ‘आम्ही’ आलं. आधी मोठी बोलायची आणि मग धाकटी. मग दोघी एकदम. मग मोठीचे ओठ हलायच्या आतच धाकटीचं वाक्य पुरं झालेलं असायचं. पत्रकार यायचे ते तिच्यासमोर माईक धरायचे. समितीतल्या बायकाही अडलं-नडलं तिलाच विचारू लागल्या. दुकानाच्या मालकाने तिला सभांसाठी सुट्टी द्यायला सुरुवात केली, आणि एकदा तर गिऱ्हाइकांना सांगितलं म्हणे, की ती टीव्हीवर आलेली बाई आमच्याकडे बटणं लावते.

मोठी या सगळ्याकडे बघायची आणि आतल्या आत जळायची. तिला स्वतःलाच पटायचं नाही. कामं तर होत होती! पण रस्त्याने जाताना कुणी “अहो ताई!” म्हणून हाक मारली आणि ती हाक धाकटीसाठी निघाली, की ती पाय उचलून पुढे निघून जायची. धाकटीने दिवाबत्तीच्या वेळी नुसतं गुणगुणलं तरी तिला वाटायचं, ही मला ऐकवतेय. तिचं पाणी पिणं, घसा साफ करणं, टेलिफोनवर ‘हॅलो’ म्हणणं, सगळंच खुपू लागलं. माणसाकडे किती आवाज असावा याला काही मर्यादा?

घरातही निभाव नव्हता. नवरा जेवताना म्हणायचा, “आज धाकटीने त्या इन्स्पेक्टरची काय बिनपाण्याने केली म्हणे! सांग ना गं, काय म्हणालीस?” धाकटी सांगायची, तो मांडीवर थाप मारून हसायचा. मोठी भाकरी मोडत राहायची. त्या इन्स्पेक्टरला काय म्हणायचं ते तिनेच सकाळी शिकवलं होतं; पण ते सांगायला आधी सगळ्यांना गप्प करावं लागलं असतं, आणि गप्प करायलाही आवाज लागतो.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते लेकीचं. शाळेत भाषणाची स्पर्धा होती. मोठी कौतुकाने म्हणाली, “म्हण बघू, मी ऐकते.” पोरगी चुळबुळली.

“मी काकूसमोर म्हणते ना, आई. तुझ्याशी बोललं की मलापण सारखं खाकरावंसं वाटतं.”

पोरीच्या मनात काही नव्हतं. दहा वर्षांचं लेकरू ते. ती टणाटणा उड्या मारत काकूच्या खोलीत गेली आणि भिंतीपलीकडून दोन आवाज येऊ लागले, एक मोठा, एक छोटा, दोन्ही अगदी एकाच वळणाचे. मोठी ओट्यापाशी उभी राहून किती तरी वेळ एकच पातेलं पुसत होती.

मग वर्तमानपत्रात फोटो आला. धाकटीचा. हात उंचावलेला, तोंड उघडं, आणि खाली छापलेलं: ‘वायुगळतीतून वाचलेल्या, पीडितांच्या नेत्या.’ नवऱ्याने पेपर आणून टेबलावर ठेवला आणि बायकोचा चेहरा बघून पंपाचं काम आठवल्यासारखं करून बाहेर सटकला.

“ताई, मी नाही त्यांना तसं सांगितलं,” धाकटी घाईघाईने म्हणाली.

“पण तसं नाही, हेही नाही सांगितलंस,” मोठी म्हणाली.

“काय?”

“काही नाही.” तेवढं एक वाक्य पुन्हा बोलण्याइतकी ताकद त्या दिवशी तिच्यात नव्हती.

चौकशीसाठी सरकारने एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते. सुनावणीचा दिवस जवळ आला, तशी समितीची वकीलबाई रोज घरी येऊ लागली. ठरलं असं, की समितीचं निवेदन धाकटीने वाचायचं, मोठीने शेजारी बसायचं. शेजारी! थर्मास घेऊन!

त्याच आठवड्यात मोठी घसा दाखवायला इस्पितळात गेली होती. एकटीच. बाकावर बायका, म्हातारे, पट्ट्या बांधलेले हात. आत जायच्या दारावरचा पडदा दर माणसामागे सरकत होता. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. पाहिलं तर कारखान्याचे वेल्फेअरसाहेब. कामगारांचं भलं बघणं हे त्यांचं काम, असं त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं.

“कसं आहे आता?” त्यांनी विचारलं.

मोठी काहीतरी पुटपुटली. ते लगेच खाली वाकले, कान तिच्या तोंडाशी आणला. “बोला, सावकाश बोला. मला घाई नाही.”

आणि ते खरोखर ऐकत राहिले. मध्येच वाक्य पुरं केलं नाही, दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही. रात्री झोप लागत नाही, थंड पाणी चालत नाही, लेकीला हाक मारता येत नाही, एकेक सांगताना मोठीला कळत होतं की हा कंपनीचा माणूस आहे. तरी ती बोलत होती. किती दिवसांनी कुणीतरी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेत होतं!

“तुमच्या जाऊबाईंचं भाषण ऐकलं परवा,” साहेब म्हणाले. “छान बोलतात. त्या कोणत्या टेबलावर होत्या हो? माझ्या काही लक्षात येत नाहीत.”

खोकला आला असं दाखवता आलं असतं. तिलाच विचारा, म्हणता आलं असतं. मोठीने एकदा पडद्याकडे पाहिलं.

“ती? तिने कारखान्याची पायरीसुद्धा चढलेली नाही. बटणं लावते ती. बटणं!”

साहेब हसले नाहीत की काही नाही. नुसती मान हलवली, उठून तिला भांडंभर पाणी आणून दिलं आणि निघून गेले.

घरी जाताना तिला हलकं हलकं वाटत होतं. कोपऱ्यावर पोचेपर्यंत ते वाटणं विरलं. ‘खोटं काय बोलले मी? आहे तेच तर सांगितलं,’ असं ती स्वतःला बजावत राहिली. घरी आल्यावर धाकटीने विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?” तर मोठी म्हणाली, “नेहमीचंच.” आणि दार लावून पडून राहिली.

सुनावणी नगरपालिकेच्या बैठकीच्या खोलीत झाली. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, न्यायाधीशांपुढे झाकण घातलेला पाण्याचा पेला. एका बाजूला कंपनीची माणसं, कडक इस्त्रीची. दुसऱ्या बाजूला समितीच्या बायका. काहींना काळे चष्मे, काहींच्या तोंडाला रुमाल. खोलीत सारखा कुणाचा तरी खोकला चाललेला.

धाकटी उभी राहिली. “आमचे घसे जळले, आमचे डोळे गेले...” एवढंच वाचून झालं होतं. कंपनीचा वकील उठला. आवाज मऊ, साखरेत घोळलेला.

“बाई, एक विचारू? आपण कोणत्या टेबलावर कामाला होता?”

धाकटी थांबली. “मी... मी कारखान्यात नव्हते.”

“मग जळला तो घसा कुणाचा?” त्याने तो फोटो वर धरला. “इथे तर आपण वाचलेल्या आहात, असं छापलंय.”

“आम्ही म्हणजे... मी सगळ्यांच्या वतीने...”

“माझ्या माहितीप्रमाणे आपण कारखान्याची पायरीसुद्धा चढलेली नाही. आपण बटणं लावता.” तो जरा थांबला. “बटणं!”

कंपनीच्या बाकांवर हशा पिकला. आणि मोठीला, काय सांगावं, त्या क्षणी छातीत गार वाटलं. अगदी गार. जिभेवर थंड पाणी धरावं तसं. पण ते सुख घोटभरही टिकलं नाही, कारण वकील पुढे बोलत होता: अशा बनावट पीडितांना पुढे करणाऱ्या समितीचं काहीही विश्वासार्ह मानू नये, आतापर्यंत दिलेली सगळी निवेदनं बाद करावीत. मागे कुणीतरी हुंदका दिला. धाकटीने वळून मोठीकडे पाहिलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाद करायचं का ते मी नंतर बघेन. पण यापुढे ज्यांना त्रास झाला त्यांनीच बोलायचं. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं मी नोंदवणार नाही.”

वकीलबाई मोठीच्या कानाशी आली. “तुम्हालाच उठावं लागेल. जमेल?”

जमेल का? वर्षभर ज्याची वाट पाहिली ते ताटात वाढून समोर आलं होतं. ती उठली. माईक ओठांना टेकेल इतका जवळ घेतला. पंखे बंद करायला सांगितले गेले. शिपायाने खिडक्या लावल्या. मग ती खरखर खोलीभर पसरली, आणि कंपनीच्या बाकांवरही कुणी हललं नाही.

तिने जोडाच्या वासाचं सांगितलं. क्रेटचं सांगितलं. दर दोन वाक्यांनंतर थांबावं लागत होतं, पाणी घ्यावं लागत होतं. धाकटी जे एका दमात म्हणून जायची त्याला तिला मैलभर चालल्यासारखं वाटत होतं. तरी ती बोलत राहिली.

“एक सांगा,” न्यायाधीश म्हणाले, “तुमचं टेबल दाराशी होतं. मग तुम्ही तर सगळ्यात आधी बाहेर पडायला हवं होतं. तुमच्या घशाची ही अवस्था कशी?”

मोठी अडखळली. हा भाग तिने आजवर कधी स्वतः सांगितलाच नव्हता. प्रत्येक सभेत तो धाकटी सांगायची. ‘माझी जाऊ दारात उभी राहिली’ इथे तिचा आवाज खाली यायचा आणि सभा चिडीचूप व्हायची. मोठी दुसऱ्या रांगेत बसून मनात म्हणायची, बघा, माझं दुःख कसं विकतेय. आता स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? मी बायका वाचवल्या, असं? लाज वाटली.

“मी उभी राहिले,” ती म्हणाली.

“का?”

“ओरडत होते.”

“घाबरून?” कंपनीचा वकील बसल्या जागेवरून म्हणाला.

मोठीची नजर सैरभैर झाली आणि धाकटीवर जाऊन थांबली. धाकटीचे डोळे लाल होते. गालावर अजून ओल होती. पण तिचे ओठ हलत होते, आवाज न करता, सावकाश, लहान मुलाला धडा सांगावा तसे. मोठीने ते ओठ वाचले.

“मी म्हणत होते, आवाजाकडे या,” ती माईकमध्ये म्हणाली. “डोळे कुणाचेच उघडत नव्हते. दार दिसत नव्हतं. माझा आवाज मोठा होता. म्हणून मी ओरडत राहिले. ओरडायला श्वास घ्यावा लागतो, साहेब.”

काळ्या चष्म्याची एक बाई मागून ताडकन उठली. कारखान्यात भांडखोर म्हणून नाव कमावलेली. “घाबरून म्हणे! अहो, हिच्या आवाजाला धरून मी बाहेर आले. मला विचारा की! मी जळालेली आहे, माझं नोंदवता येईल ना?”

“बसा बाई, तुम्हालाही बोलावतो,” न्यायाधीश म्हणाले. आणि खरोखरच त्यांनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी एकेकीला बोलावून ऐकलं.

घरी परतताना धाकटी झपाझप पुढे चालत होती. मोठीला तेवढं चालवेना. ती पोचली तेव्हा धाकटी ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत होती, पाठमोरी.

“ताई, ते वाक्य मी ओळखलं,” ती न वळताच म्हणाली.

मोठी दारातच थांबली.

“‘पायरीसुद्धा चढलेली नाही.’ आणि ते शेवटी ‘बटणं’ दोनदा. वर्षभर तुमचीच वाक्यं बोलतेय मी. तुमची घडण मला कळणार नाही होय? त्या वकिलाच्या बापाला असं वाक्य सुचलं नसतं.”

“इस्पितळात वेल्फेअरसाहेबांनी विचारलं,” मोठी म्हणाली. “मी सांगितलं.”

“का?”

“तू बोलतेस ते मला सहन होत नाही म्हणून.”

धाकटी वळली. मोठीला वाटलं, आता ही आकांडतांडव करणार. आणि करावं तिने. पण धाकटी एकदम हसली, रडता रडता माणूस हसतं तसं.

“आणि मला काय सहन होत नाही ठाऊक आहे? टाळ्या मला मिळतात हो. पण सभा संपली की बायका तुमच्याकडे धावतात. तुमचा हात हातात धरून बसतात. माझ्याजवळ येऊन म्हणतात, छान बोललीस. जशी काही मी गाणं म्हटलं! तुम्ही दारात उभ्या होता तेव्हा मी दुकानात बसून मापं घेत होते. माझ्याकडे सांगायला काहीच नाही, ताई. जे आहे ते सगळं तुमचं. तुमच्यासारखं एकदा तरी काही माझ्या हातून व्हावं, असं वाटून वाटून मी ‘आम्ही’ म्हणायला लागले. चुकलंच ते.”

चहा उतू गेला. दोघीही ओट्याकडे धावल्या आणि एकमेकींवर आपटल्या.

त्यानंतर बरेच दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं होतं. गळ्यात गळे पडले वगैरे काही झालं नाही. धाकटी दुकानात जायची, यायची; सभेला यायचं टाळायची. मोठी स्वतः बोलायला जायची आणि दोन दिवस आजारी पडायची. मधल्या काळात न्यायाधीशांचा अहवाल आला. कंत्राटी बायकांनाही पीडित मानलं गेलं, आयुष्यभर उपचाराचा आदेश निघाला, इस्पितळात त्यांच्यासाठी वेगळा विभाग सुरू झाला. खटल्याबद्दल मात्र ‘अधिक तपास व्हावा’ एवढंच. कारखान्याचा मॅनेजर बदली होऊन दुसरीकडे गेला, बढतीवर. लढाई संपली नव्हती.

आणि एक दिवस बाहेरगावच्या काही बायका आल्या. त्यांच्याकडे रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटला होता. काय करायचं, कुणाकडे जायचं, काही कळत नव्हतं. “आमच्याकडे येऊन बोला,” त्या म्हणाल्या. बोलताना त्या धाकटीच्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या. मोठी उठली, दार ढकललं आणि म्हणाली, “चल, तयारी करायची आहे.”

“मी पीडित नाही,” धाकटी कात्रीवरून नजर न काढता म्हणाली.

“तिथे न्यायाधीश नाही. चल.”

मग दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या, आणि पहिल्याच वाक्यावर जुंपली.

“‘मी’ म्हणायचं नाही,” मोठी म्हणाली. “‘आम्ही’ पण नाही. ‘माझी जाऊ’ म्हणायचं.”

“दर वाक्याला ‘माझी जाऊ, माझी जाऊ’? लोक म्हणतील, ही लग्न जमवायला आली आहे का!”

“मग दर दोन वाक्यांनी म्हण. आणि सुरुवात मी करणार.”

“तुमचा घसा...”

“चार वाक्यं मी. नंतर तू. आणि ते ‘साहेब, श्वास घ्यावा लागतो’ ते माझं. त्याला हात लावायचा नाही.”

“बरं बाई, नाही लावत. पण तिथे थांबायचं असतं. तुम्ही थांबत नाही, पुढच्या वाक्यावर धडकता. म्हणून दाखवा.”

मोठीने म्हणून दाखवलं.

“अजून थांबा,” धाकटी म्हणाली.

त्या गावच्या सभेत मोठीने आपली चार वाक्यं सांगितली. लोक कानात प्राण आणून ऐकत होते. मग तिने माईक धाकटीकडे दिला आणि खुर्चीत बसली. धाकटीचा आवाज निघाला तसा तो थेट रस्त्यापर्यंत गेला. येणारे-जाणारे थबकले, दाराशी गर्दी झाली, आणि शेवटी अशा टाळ्या पडल्या की मंचाच्या फळ्या दणाणल्या.

मोठीला हेवा वाटला. पूर्वीइतकाच, कदाचित थोडा जास्तच. तिने शेजारच्या बाईच्या कानाशी लागून सांगितलं, “मधलं ते वाक्य माझं होतं.” आणि मग तीही टाळ्या वाजवू लागली.